नवीन वर्ष, जुनंच मन: यंदा नक्की काय बदलायचं?

शेवंती_रानातली | २८ डिसेंबर

संकल्पांचा नेहमीचा धागा निघायच्या आत मीच हा काढतेय, त्यामुळे वजन, पहाटे उठणे, वर्षात पन्नास पुस्तकं वगैरे मंडळींनी कृपया आपला वेगळा धागा काढावा, रागावू नका. मला मनाबद्दल बोलायचंय. सरतं वर्ष वाईट गेलं असं म्हणता येणार नाही, नोकरी आहे, घरचे धडधाकट आहेत, सांगण्यासारखं संकट काही आलं नाही, पण वर्षभर कशातच जीव रमला नाही बघा. कुणी विचारलं कशी आहेस तर मस्त म्हणायचं आणि पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. आवडती मालिका लावली तरी अर्ध्यावर फोन हातात. सुट्टी घेतली तर सुट्टीत काय करायचं याचंच टेन्शन. रडू येत नाही, झोप लागते, ऑफिसचं काम होतं, म्हणजे आजारी म्हणावं तर तसंही नाही.

तर तुम्ही लोक वर्ष बदलताना मनासाठी म्हणून काही करता का, आणि ते फेब्रुवारीत शिल्लक राहतं का? अनुभव सांगा, वाचलेलं सांगा, भांडलात तरी चालेल. फक्त 'पॉझिटिव्ह राहा' एवढं सोडून.

बिनपाण्याचा_ढग | २८ डिसेंबर

मी पहिला! पॉझिटिव्ह राहा.

(पळतोय)

अर्धविराम | २८ डिसेंबर

ढगाकडे दुर्लक्ष करा. शेवंती, तुम्ही लिहिलंय त्यावर बराच अभ्यास झालाय. कोरी कीज म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ मध्ये हे नीट मांडलं, की मानसिक आजार असणं-नसणं ही एक गोष्ट आणि मन टवटवीत असणं-नसणं ही दुसरी, दोन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजायच्या. त्यामुळे आजार नाही पण मन कोमेजलेलं आहे अशी माणसं असतात आणि त्यांची कुणी दखल घेत नाही, कारण ती कामावर येतात, हसतात, बिलं भरतात, त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. उलटही असतं, निदान झालेला आजार सांभाळत, औषधं चालू ठेवून छान जगणारी माणसं असतात. आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत १९४८ पासून लिहिलेलं आहे, आपण सगळ्यांनी ते शाळेत पाठ केलंय, पण स्वतःला लावून कोण बघतो!

तेव्हा 'मला काही झालेलंच नाही तर तक्रार कशाला करू' हे आधी डोक्यातून काढा.

शेवंती_रानातली | २८ डिसेंबर

@अर्धविराम, बरं वाटलं वाचून. मला वाटत होतं मी आळशी झालेय.

सटवाईचं_लिखाण | २९ डिसेंबर

थोडं विरोधी लिहिते. १ जानेवारीत असं काय आहे? आदल्या रात्रीचीच मी, तीच पाठदुखी, तीच साहेबांची कटकट. वर्ष माणसाने पाडलेलं, मन काय कॅलेंडर बघून बदलतं होय? आणि संकल्प तर सगळेच मोडतात, मग आणखी एका विषयात नापास कशाला व्हा.

कोपऱ्यातला_दिवा | २९ डिसेंबर

@सटवाई, अर्धं सहमत. तारखेत जादू नाही हे खरं, पण माणूस तारखेला भुलतो हेही खरं. २०१४ मध्ये डाय, मिल्कमन आणि रिइस या तिघांचा एक पेपर आला होता, त्यात त्यांनी बघितलं की डाएट शब्दाचे गूगल सर्च, जिममधली हजेरी वगैरे गोष्टी आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला वाढतात, वाढदिवसानंतरही वाढतात (जिममध्ये एकविसावा वाढदिवस तेवढा अपवाद निघाला, का ते तुम्हीच ओळखा). त्यांचं म्हणणं असं की अशी तारीख आली की मागचे फसलेले प्रयत्न 'तो जुना मी' च्या खात्यात जातात आणि माणसाला कोरं वाटतं. भ्रमच आहे म्हणा हवं तर, पण फुकट मिळतोय तर घ्या की वापरून.

आणि सगळे संकल्प मोडतात हे तर साफ चूक. नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छापलेला अभ्यास आहे, संकल्प केलेले लोक आणि तसाच बदल हवा होता पण संकल्प न केलेले लोक असे दोन गट घेतले, सहा महिन्यांनी विचारलं तर पहिल्या गटातले ४६ टक्के टिकून होते, दुसऱ्यातले ४ टक्के. आता हे लोकांनी फोनवर स्वतःच सांगितलेलं आहे त्यामुळे थोडं मीठमसाला लावून सांगितलं असेल, तरी ४ आणि ४६ मध्ये फरक आहे राव.

सटवाईचं_लिखाण | २९ डिसेंबर

बरं बाई, ४६ तर ४६. पण मन प्रसन्न ठेवीन हा संकल्प कसा मोजणार? जिमचं हजेरीपुस्तक असतं, प्रसन्नतेचं कुठे असतं?

अर्धविराम | २९ डिसेंबर

हा प्रश्न भारी आहे आणि तिथेच सगळे आपटतात. 'यंदा चिडणार नाही', 'यंदा टेन्शन घेणार नाही' असले संकल्प लोक करतात. आता जे करायचं नाही ते केलं नाही हे दिवसाच्या शेवटी कसं समजणार, आणि एकदा चिडलात की संपलं. स्वीडनमध्ये हजारेक लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला, त्यात 'अमुक सुरू करीन' वाले वर्षाअखेर सुमारे ५९ टक्के टिकले आणि 'अमुक सोडीन' वाले ४७ टक्के. त्यामुळे चिडणार नाही च्या जागी चिडलो की काय करीन हे ठरवावं. मी स्वतः मीटिंगमध्ये डोकं तापलं की उठून पाण्याची बाटली भरून आणतो. दर वेळी जमतं असं नाही, पण ऑफिसात सगळ्यात जास्त पाणी मीच पितो हे नक्की.

रात्रपाळीचा_राजा | ३० डिसेंबर

मोबाईलवरून टाइपतोय शुद्धलेखन पोटात घाला. मला या सकाळी पाचला उठा, सूर्योदय बघा, डायरी लिहा टाइपच्या लोकांचा फार वीट आलाय, मी सकाळी पाचला घरी येतो, आल्यावर सूर्योदय बघितला तर झोपणार कधी आणि गेली दोन वर्षं मी तेच करत होतो कुठल्यातरी व्हिडिओत बघून, ध्यान करायचो डुलक्या घेत, मग दिवसभर डोकं भणभण आणि वर आपल्याला साधं ध्यानही जमत नाही म्हणून अपराधी वाटायचं ते वेगळंच. आता सरळ उलटं करतो, घरी येताना डोळ्यावर गॉगल, आल्या आल्या जाड पडदे ओढतो, फोन दुसऱ्या खोलीत, आणि उठल्यावर दुपारी उन्हात फिरून येतो म्हणजे माझी सकाळ दुपारी तीनला होते. जेव्हापासून झोप नीट आहे तेव्हापासून बाकी मनाचं बरंचसं आपोआप ठीक झालं. कुणी काही म्हणो मनःशांतीची पहिली पायरी उशी आहे.

बिनपाण्याचा_ढग | ३० डिसेंबर

'पहिली पायरी उशी आहे' हे मी आता स्टेटसला ठेवणार. राजे, क्रेडिट देतो.

तेजोमयी | ३० डिसेंबर

पॉझिटिव्ह शब्दावर एवढा राग का बरं सगळ्यांचा? मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून 'मी समर्थ आहे, मी आनंदी आहे, आजचा दिवस माझा आहे' असं मोठ्याने म्हणते, कितीतरी वर्षं झाली. मला याचा फायदा होतो. नकारात्मक विचार आला की मी त्याला आत येऊच देत नाही. नव्या वर्षात सगळ्यांनी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

अर्धविराम | ३० डिसेंबर

तेजोमयीताई, तुम्हाला फायदा होतो यावर माझा विश्वास आहे, पण सगळ्यांनी करून बघा याला असहमत. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं, लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं आणि ज्यांचं मत वाईट होतं त्यांना ते वाक्य न घोळवणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. साहजिकच आहे, तोंडाने 'मी आनंदी आहे' म्हटलं की आतून लगेच पुरावे यायला लागतात कसा नाहीस त्याचे.

आणि विचार आत येऊ न देण्याबद्दल, डॅनियल वेग्नरचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या थांबेनात.

तेजोमयी | ३० डिसेंबर

म्हणजे माझं स्वतःबद्दलचं मत आधीपासूनच चांगलं आहे असं तुम्ही म्हणताय. धन्यवाद, हे मी उद्या आरशाला सांगते.

अर्धविराम | ३० डिसेंबर

हरलो.

पैलथडी | ३१ डिसेंबर

धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. बाबा ऑक्टोबरमध्ये गेले. उद्या सकाळपासून शुभेच्छांचे मेसेज सुरू होतील आणि मला त्यातला एकही उघडायची इच्छा नाहीये. सगळेजण जुनं वर्ष मागे टाकू म्हणतात पण जुन्या वर्षात बाबा होते. नवीन वर्ष हे माझ्यासाठी पहिलं असं वर्ष ज्यात ते एकही दिवस नसणार.

बाबांची एक सवय होती. डिसेंबरच्या शेवटी जुन्या डायरीतले फोन नंबर आणि वाढदिवस नवीन डायरीत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायचे. फोन आले, कॉन्टॅक्ट्स आले तरी हे चालूच. दोन दिवस लागायचे त्यांना, शाईचं पेन, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची, मध्येच कुणाला तरी फोन लावायचा की तुझा नंबर हाच आहे ना अजून, आणि तासभर गप्पा. वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्या नावाशी थांबायचे, पट्टी खाली सरकवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. यंदाची डायरी त्यांनी सप्टेंबरातच मागवून ठेवलेली, ती आली, टेबलावर आहे, कोरी. तिचं काय करू कळत नाही. बस, एवढंच लिहायचं होतं. तुमच्या चर्चेत मिठाचा खडा टाकला असेल तर माफ करा.

सटवाईचं_लिखाण | ३१ डिसेंबर

अगं माफी कसली मागतेस. इथे सगळ्यात खरं तूच लिहिलंयस.

माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. पहिलं वर्ष वाईट असतं कारण प्रत्येक तारीख त्यांच्याशिवाय पहिल्यांदाच येते. मी त्या वर्षी शुभेच्छांना उत्तरंच दिली नाहीत आणि तुला सांगते, एकाही माणसाने मनावर घेतलं नाही, लोकांना तेवढी अक्कल असते. फोन घरच्या कुणाकडे तरी देऊन टाक दिवसभर. नव्या वर्षात नवीन व्हायची सक्ती तुझ्यावर कुणी केलेली नाही, तू आत्ता नुसती जेव, आंघोळ कर आणि झोप, बाकीचं वर्षभर आहे. डायरीचं आज काही ठरवू नकोस, कोरी राहिली तर राहू दे.

तेजोमयी | ३१ डिसेंबर

पैलथडी, तुझ्यासाठी मी माझी तीनही वाक्यं मागे घेते. एक मोठी मिठी.

कोपऱ्यातला_दिवा | १ जानेवारी

सगळ्यांना शुभेच्छा (पैलथडी, तू हा प्रतिसाद वाचू नकोस).

@शेवंती, मूळ प्रश्नाकडे येतो. कशातच जीव रमत नाही याला एक सरळ पद्धत आहे, बिहेविअरल अॅक्टिव्हेशन म्हणतात, पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून आलेली, मुळात डिप्रेशनच्या उपचारासाठीची, पण तत्त्व कुणालाही वापरता येतं. आपण काय करतो, मूड आला की करू म्हणून थांबतो. मूड काही येत नाही, म्हणून करत नाही, करत नाही म्हणून दिवसात चांगलं वाटण्यासारखं काही घडत नाही, म्हणून मूड आणखी जातो. या चक्रात मूडला हात घालता येत नाही, कृतीला घालता येतो. म्हणून आधी करायचं, इच्छा असो नसो, मूड मागून येतो किंवा येतही नाही, पण निदान दिवसात काहीतरी घडतं.

करायचं कसं तर आधी काही बदलायचंच नाही. आठवडाभर तासातासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे ० ते १० मध्ये बरं किती वाटलं तो आकडा. मी हे केलं तेव्हा माझा तक्ता बघून मलाच धक्का बसला, ज्याला मी आराम समजत होतो, संध्याकाळी सोफ्यावर पडून रील्स, तिथे सगळीकडे २ आणि ३ होते. आणि कपड्यांच्या घड्या घालताना ६! घड्या! माझ्या आयुष्यातला सर्वोच्च आनंद घड्या घालण्यात आहे हे पचवायला वेळ लागला. पुन्हा बघितलं तर कळलं की घड्या घालताना मी बहिणीशी फोनवर बोलत असतो.

रात्रपाळीचा_राजा | १ जानेवारी

हे भारी आहे दिवादादा. करून बघतो. माझे तास उलटे आहेत पण आकडे तर सुलटेच असणार.

मनमौजी_मास्तर | २ जानेवारी

सगळे एवढे अभ्यास सांगताय तर २१ दिवसांचं कुणीच कसं काढलं नाही? २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात. शेवंतीताईंनी २१ दिवस रोज काहीतरी आवडीचं करावं, प्रश्न मिटला.

अर्धविराम | २ जानेवारी

मास्तर, येणारच होतं ते. ते २१ दिवस मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आलेत. त्यांचं निरीक्षण असं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे कमीत कमी गळून पडलं, चेहरा गळून पडला आणि २१ तेवढे राहिले. प्रत्यक्ष सवयींवर लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. कुणाचं जानेवारीत बसेल, कुणाचं सप्टेंबर उजाडेल. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. सलग वगैरे भानगड नाही.

मनमौजी_मास्तर | २ जानेवारी

चाळीस वर्षं मुलांना २१ दिवस सांगत आलो. आता निवृत्त झाल्यावर कुणाकुणाला गाठून सांगू!

शेवंती_रानातली | १३ जानेवारी

अपडेट. दिव्याने सांगितलेला तक्ता केला. मला वाटलं होतं सगळीकडे ५ येणार आणि बहुतेक ठिकाणी आलेच, पण दोन ठिकाणी ७ निघाले. एक म्हणजे ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला एक्सेल शिकवत होते तेव्हा, आणि दुसरं, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरताना खालच्या मजल्यावर कुणीतरी पेटी वाजवत होतं, तिथे उभी राहिले तेव्हा. आता गंमत अशी की माझी स्वतःची पेटी कपाटावर गुंडाळून ठेवलेली आहे, कॉलेजनंतर वाजवलीच नाही. आणि आकडा बघेपर्यंत मला ती आठवलीही नव्हती!

मग रविवारी खाली काढली. धूळ म्हणजे काय विचारू नका. भाता ओढला तर एका बाजूने हवा सुटतेय, एक काळी पट्टी दाबली की वर येतच नाही, बोटाने उचलावी लागते, आणि मधला एक सूर दाबला नाही तरी आपणहून घूं करत राहतो. अलंकार आठवतील असं वाटलं होतं पण डोक्याला काही आठवेना, बोटं मात्र दोन ओळी वाजवून मोकळी झाली आणि तिसऱ्या ओळीला तीही थांबली. तासभर बसले होते, फोन कुठे आहे ते नंतर शोधावं लागलं. तक्त्यात काय आकडा लिहायचा ते विसरले.

आता विचारायचंय ते हे की रोज वाजवीन असा संकल्प करू का? भीती अशी की संकल्प केला की वाजवणं हेही एक कामच होऊन बसेल.

सटवाईचं_लिखाण | १३ जानेवारी

आधी पेटी दुरुस्त करून घे. आणि क्लास लावू नकोस एवढ्यात, स्टेटसला तर अजिबात टाकू नकोस. आपल्याकडे कुणी दोन सूर वाजवले की लगेच कार्यक्रम कधी विचारणारे निघतात.

कोपऱ्यातला_दिवा | १३ जानेवारी

सटवाईंच्या स्टेटसवाल्या मुद्द्याला अनुमोदन, त्यावर पीटर गॉल्विट्झरचं काम आहे, 'मी अमुक होणार' हे लोकांनी ऐकून मान्य केलं की माणसाला ते अर्धं झाल्यासारखंच वाटतं आणि हात सैल पडतो.

रोज चा संकल्प करू नकोस. त्याच गॉल्विट्झरची दुसरी गोष्ट कामाची आहे, जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन, अशी जोडी लावायची. वेळेला बांधण्यापेक्षा आधीच घडणाऱ्या गोष्टीला बांध. उदाहरणार्थ ऑफिसातून आल्यावर बॅग ठेवली की पेटीचं झाकण उघडायचं. वाजवायचंच असं नाही, झाकण उघडायचं. कंटाळा आला तर बंद कर. आणि ती कपाटावर परत ठेवू नकोस काहीही झालं तरी, खालीच राहू दे, पायात आली तरी चालेल.

बिनपाण्याचा_ढग | १४ जानेवारी

आता जरा सिरियस लिहितो, सवय नाही त्यामुळे सांभाळून घ्या. मी दरवर्षी गाजावाजा करून संकल्प करतो आणि दहा तारखेच्या आसपास मोडतो, मग त्यावर जोक करतो. पण हा धागा वाचून जाणवलं की मोडल्यावर जे होतं ते जास्त वाईट आहे. एक दिवस चुकला की मी म्हणतो आता गेलंच आहे तर जाऊ दे आणि आठवडाभर मुद्दाम उलट वागतो, रात्री तीनपर्यंत गेम, आलेले फोन न घेणे, सगळं. आणि मनातल्या मनात स्वतःला ज्या शिव्या घालतो त्या इथे लिहिल्या तर आयडी उडेल. हे असं कुणाचं होतं का?

अर्धविराम | १४ जानेवारी

ढगा, सगळ्यांचं होतं. पोलिव्ही आणि हर्मन यांनी डाएटवाल्यांमध्ये हेच बघितलं, एकदा नियम मोडला असं वाटलं की माणूस नियम न पाळणाऱ्यापेक्षाही जास्त सुटतो. मूळ चूक एवढीशी असते, नुकसान होतं ते त्यानंतरच्या जाऊ दे मुळे. आपल्याला वाटतं की स्वतःला झोडपलं नाही तर आपण ढिले पडू, पण ब्राइन्स आणि चेन यांनी २०१२ मध्ये छापलेल्या प्रयोगांत उलट निघालं, एका परीक्षेत आपटल्यावर ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सांगितलं होतं त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

मित्राचा दिवस चुकला असता तर त्याला तू काय म्हणाला असतास तेच स्वतःला म्हण. तू मित्रांना काय म्हणतोस ते मला माहीत आहे म्हणा, तरीपण.

मनमौजी_मास्तर | १५ जानेवारी

वर्गात हेच बघितलंय. ज्याला चूक झाल्यावर हसून 'चल पुन्हा' म्हटलं तो पुन्हा फळ्याकडे आला, ज्याला ओरडलो तो शेवटच्या बाकावर गेला तो गेलाच. मुलांच्या बाबतीत मला हे कळत होतं, स्वतःला मात्र मी आजही ओरडतो.

पैलथडी | २ फेब्रुवारी

सटवाईताई, फोन त्या दिवशी खरंच भावाकडे देऊन टाकला होता. गेल्या आठवड्यात डायरी उघडली. बाबांच्या जुन्या डायरीतून नावं उतरवायला घेतली, अ पासून क पर्यंत झालीयत. त्यांच्यासारखं मधेमधे फोन लावते. ज्यांना लावते ते सगळे बाबांबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी सांगतात. एका काकांनी सांगितलं की ते दोघं कॉलेजात असताना नाटकात होते आणि बाबांना स्टेजवर एकच वाक्य होतं, तेही ते विसरले. रडले पण आणि खूप हसले पण. घाई नाहीये, वर्षभर पुरेल.

शेवंती_रानातली | ३ फेब्रुवारी

पैलथडी, किती छान.

माझंही सांगते. पेटी दुरुस्त झाली, झाकण बहुतेक दिवशी उघडतं, मधला एक आठवडा नाही उघडलं, त्याचं विशेष काही वाटलं नाही आणि हेच मला नवीन आहे. वर्ष बदलल्यासारखं वगैरे काही नाही, अजूनही बऱ्याच संध्याकाळी तक्त्यातला आकडा ५ च असतो. पण परवा कुणीतरी कशी आहेस विचारलं तर पेटीच्या सुटलेल्या भात्याबद्दल दहा मिनिटं बोलले, समोरचा कंटाळला बहुतेक.

कोणीही_एक | ११ फेब्रुवारी

नमस्कार. फक्त वाचायला येतो, लिहायला पहिल्यांदाच. शेवंतीताईंचं पहिलं पोस्ट वाचून वाटलं माझंच आहे, म्हणून तक्ता मीही केला पण माझे सगळे आकडे ० आणि १ आहेत. बरेच आठवडे झाले, पहाटे तीन-चारला जाग येते ती येते, भूक नाही, कामावर जातो पण स्क्रीनकडे नुसता बघत बसतो, साधा मेल लिहायला तास लागतो. आवडीचं काय करू असं विचारलं तर आवडीचं काहीच आठवत नाही. सगळ्यांना थोडंथोडं जमतंय आणि मलाच जमत नाही म्हणजे मी प्रयत्न कमी करतोय का?

कोपऱ्यातला_दिवा | ११ फेब्रुवारी

लिहिलंत ते फार बरं केलंत. नाही, प्रयत्नांचा प्रश्न नाही. आम्ही इथे बोलतोय ते मन कोमेजण्याबद्दल, तुम्ही लिहिताय ते त्याच्या पुढचं वाटतंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, झोप-भूक-कामावर परिणाम, कशातच रस नाही, एवढं असेल तर धागे, तक्ते, पेटी सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आणि सरळच विचारतो, जगू नये असं, जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. येत असेल तर आजच, आत्ता, घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि हेल्पलाइनला फोन लावा किंवा सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. इथल्या उत्तराची वाट बघत बसू नका.

सटवाईचं_लिखाण | ११ फेब्रुवारी

बाळा, घरात कुणी आहे का सोबत? कुणाला सांगितलंयस?

कोणीही_एक | ११ फेब्रुवारी

तसं काही करावं असं नाही वाटत, खरंच. पण नसतो तर बरं असं अधूनमधून येतं मनात. बायकोला झोपेचं माहीत आहे, बाकीचं नाही सांगितलं. आज सांगतो.

डॉक्टरांकडे जायला हरकत नाही पण तिथे जाऊन बोलायचं काय हेच कळत नाही. कुठून सुरुवात करू? तिथे गेल्यावर सगळं ठीक आहे असंच बोलेन मी, ओळखतो स्वतःला.

अर्धविराम | ११ फेब्रुवारी

'नसतो तर बरं' हेही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, गाळू नका, ते घाबरत नाहीत.

ऐन वेळी बोलता येणार नाही असं वाटत असेल तर आजच कागदावर लिहा आणि तोच कागद त्यांच्या हातात द्या. कधीपासून चालू आहे, झोप कधी लागते कधी मोडते, भूक, वजन, काम कुठे अडतं, दारू-सिगरेट असेल तर किती, दुसरी औषधं कुठली चालू आहेत, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. इथे लिहिलेला तुमचा परिच्छेद उतरवला तरी निम्मं काम झालं. मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जायला अवघड वाटत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा, थायरॉइड, बी-१२ वगैरे रक्ततपासण्या ते बहुधा करायला सांगतील कारण त्यानेही असं वाटू शकतं. औषध दिलं तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत काही होत नाही म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. पहिल्या डॉक्टरशी जमलं नाही तर दुसरे असतात.

कोणीही_एक | १३ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. तिला बरंचसं आधीच माहीत होतं. तिनेच फोन लावला, सोमवारची वेळ मिळालीय, ती सोबत येतेय. कागद लिहिला, एक पान झालं. ती आत येऊन बसली तर चालतं का?

अर्धविराम | १३ फेब्रुवारी

चालतं, तुमची इच्छा असेल तर. काही डॉक्टर आधी थोडा वेळ एकट्याशी बोलतात आणि मग दोघांशी. तिला वाटेल ते तिलाही आधी लिहून ठेवायला सांगा, झोपेत तुम्ही कसे असता वगैरे तिलाच जास्त माहीत.